राणीचा चेहरा घडवणारा हात

जुना राणीछाप रुपया हाती आला की मला विल्यम वायन आठवतो. ठसे कोरणाऱ्या घराण्यात, बर्मिंगहॅमला १७९५ साली जन्मलेला हा कारागीर १८२८ मध्ये लंडनच्या टांकसाळीचा मुख्य कोरक झाला. १८४० च्या आपल्या रुपयावरची व्हिक्टोरिया त्याचीच. पहिल्या टपाल तिकिटावरचा चेहराही त्याच्याच पदकावरून घेतलेला. १८३९ च्या प्रूफ संचातल्या पाच पौंडांच्या सोन्याच्या नाण्यावर त्याने तरुण राणीला स्पेन्सरच्या काव्यातली, सिंहाला वाट दाखवणारी ऊना केले.

वायन १८५१ मध्ये गेला. त्याने कोरलेली केसांची बारीक रेघ मात्र टिकून आहे. ती आता आपल्या हाती! मऊ फडक्यानेही प्रूफ नाण्याच्या आरशावर चरे उठतात. तेव्हा नाणे कडेने धरा, आणि आजीचा रुपया चिंचेने घासू नका.