हेन्री ड्यूनांट

रेडक्रॉसचें चिन्ह सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ज्याच्या तळमळींतून ती संस्था उदयास आली तो पुरुष पुढें आपल्या जन्मनगरींतून परागंदा झाला, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

हेन्री ड्यूनांट याचा जन्म स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा येथें ता. ८ मे १८२८ रोजीं एका धर्मशील कुटुंबांत झाला. पुढें त्यानें अल्जीरियांत उद्योग मांडला. तेथील जमिनीस पाण्याचा हक्क मिळावा म्हणून फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याची गांठ घेण्यास तो इटलींत गेला. बादशहा त्या वेळीं ऑस्ट्रियाशीं लढत होता. ता. २४ जून १८५९ रोजीं सोल्फेरिनो येथें घनघोर संग्राम झाला. शेजारच्या कास्तील्योने गांवांतील देवालयें घायाळांनीं भरून गेलीं. पाणी होतें, पण तें पाजणारे हात नव्हते. ड्यूनांट आपलें काम विसरला. गांवांतील स्त्रियांस गोळा करून, मित्र कोण व शत्रु कोण हें न पाहतां, त्यानें सर्वांची शुश्रूषा चालविली.

ही हकीगत त्यानें १८६२ सालीं स्वखर्चानें छापली. जखमींच्या सेवेसाठीं शांततेच्या काळींच प्रत्येक देशांत मंडळें स्थापावीं व राष्ट्रांनीं आपसांत करार करावा, अशा दोन सूचना तींत होत्या. १८६३ सालीं जिनीव्हा येथें पांच जणांची समिति बसली, आणि ता. २२ ऑगस्ट १८६४ रोजीं बारा राष्ट्रांनीं करारावर सह्या केल्या. अवघीं दहा कलमें! पण राजांनीं आपल्याच सैन्यावर आपण होऊन असें बंधन घालून घ्यावें, ही गोष्ट लहान नव्हे. ऑस्ट्रिया प्रथम बाहेरच राहिला. प्रशियाकडून पराभव पावल्यावर १८६६ सालीं तोही आंत आला. असें एकेक राष्ट्र येत गेलें. आपल्याकडे १९२० च्या कायद्यानें इंडियन रेडक्रॉस सोसायटी स्थापन झाली, व १९४९ च्या नव्या जिनीव्हा करारांस अनुसरून १९६० सालीं पार्लमेंटनें स्वतंत्र कायदा केला.

करार वाढत होता आणि ड्यूनांट बुडत होता. १८६७ सालीं त्याचें दिवाळें निघालें. ज्या समितीचा तो संस्थापक, तींतूनही त्यास निघावें लागलें. अनेक वर्षें तो दारिद्र्यांत भटकला. अखेर हायडेन गांवच्या इस्पितळांत त्यास आसरा मिळाला. तो हयात आहे हेंही बहुतेकांच्या ध्यानीं नव्हतें. १८९५ सालीं एका पत्रकारानें त्याची हकीगत प्रसिद्ध केली, तेव्हां जग जागें झालें. १९०१ सालचें पहिलें नोबेल शांति-पारितोषिक त्यास फ्रेदेरिक पासी याजबरोबर विभागून मिळालें. ती रक्कम त्यानें स्वतःच्या सुखासाठीं खर्चिली नाहीं. ता. ३० ऑक्टोबर १९१० रोजीं तो वारला. त्या इस्पितळांत गांवच्या गरिबांसाठीं एक खाट मोफत असावी, अशी तरतूद त्याच्या मृत्युपत्रांत होती.