बुऱ्हाण निजामशाहचा पोर्तुगीज हकीम

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला हिरडा, बेहडा, आवळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. गार्सिया द ऑर्टा हे नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसेल. या फळांची खरी माहिती युरोपला पोचवणाऱ्यांत तो पहिल्या रांगेतला, आणि त्यातलं बरंच तो शिकला आपल्या अहमदनगरच्या दरबारात.

१५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये त्याचा जन्म झाला. घराणं यहुदी. पण १४९७ मध्ये तिथल्या यहुद्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं होतं. डॉक्टरी शिकून १५३४ मध्ये तो गोव्यात आला. सुलतान बुऱ्हाण निजामशाहवर त्याने इलाज केले आणि दोघांची दोस्ती जमली. सुलतान त्याला आजारांची, औषधांची अरबी नावं सांगायचा, हा लॅटिन नावं सांगायचा. दरबारी हकीम इब्न सीनाच्या परंपरेतले. ऑर्टानेही इब्न सीना वाचला होता, पण लॅटिन तर्जुम्यातून.

१५६३ मध्ये त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. आपला इत्रीफल म्हणजे संस्कृतातला त्रिफळा, शब्दच तिकडून आलाय. हलीला, बलीला, आमला ही वेगवेगळ्या झाडांची फळं आहेत, असं त्याने ठामपणे लिहिलं. थोडा चुकलाही: पिवळा आणि काळा हिरडा त्याने निरनिराळ्या झाडांचे मानले, प्रत्यक्षात ते एकाच झाडाचे, कमी-जास्त पिकलेले.

ही फळं नेमकं काय करतात, ते कळायला पुढची चार शतकं गेली. हिरड्यात चेब्युलाजिक आम्ल सापडलं. शरीरात सूज वाढवणारी काही विकरं ते प्रयोगशाळेत रोखतं. हळदीतलं कर्क्युमिनही असंच. (प्रयोगशाळेत, हं! म्हणून सांधेदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.)

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्म-न्यायालय बसलं. ऑर्टा १५६८ मध्ये वारला, तोवर त्याला कुणी हात लावला नाही. पण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आलं. १५८० मध्ये त्याची कबर खोदून हाडंही जाळली. पुस्तक मात्र हाती लागण्यापलीकडे गेलं होतं: १५६७ मध्येच त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापून झाला होता.