एका बॅंडची खिल्ली उडवणारा हेडमास्तर

गंगापूर रोडवरच्या कुठल्याही कॅफेत संध्याकाळी जाऊन बसा. एका टेबलावर गिटार असते, दुसऱ्यावर कवितांची वही असते आणि तिसऱ्यावर या दोघांची नक्कल करून खिदळणारे चारजण असतात. आमची गॅंग कायम तिसऱ्या टेबलावर. परवा तिथं एकानं मोबाइलवर ‘द रटल्स’ लावलं. १९७८ चा टीव्हीसाठी केलेला सिनेमा. दिसायला एकदम सीरियस डॉक्युमेंटरी. मुलाखती, जुन्या फिती, धीरगंभीर निवेदक, सगळं आहे. फक्त ज्या बॅंडवर ती आहे तो बॅंडच कधी अस्तित्वात नव्हता! बीटल्सची केसागणिक आणि सुरागणिक उडवलेली टर. एरिक आयडल आणि नील इन्स या दोघांचा हा उद्योग. आणि गंमत म्हणजे खऱ्या बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन त्यात वार्ताहर बनून माइक धरून उभा.

सिनेमा संपल्यावर कुणीतरी सुस्कारा टाकला की आपल्याकडे असलं काही होत नाही, आपल्या लोकांना विनोद झेपत नाही. मला राहवलं नाही. आपल्याकडे हे १९२५ मध्येच झालंय. कॅमेरा नव्हता, एक पातळसं पुस्तक होतं. ते करणारा माणूस पुण्याच्या एका शाळेत मास्तर होता. नाव प्रल्हाद केशव अत्रे.

आधी बॅंडबद्दल. १९२३ मध्ये पुण्यात काही कवी एकत्र आले आणि ‘रविकिरण मंडळ’ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी मंडळी. रविवारी चहाला जमायचं, एकमेकांच्या कविता ऐकायच्या, त्यावर बोलायचं. मग एकत्र पुस्तकं काढायची, जशी बॅंड अल्बम काढतात. पण खरा धमाका झाला तो काव्यगायनाचा. हे लोक कविता वाचायचे नाहीत, गायचे. यशवंत आणि गिरीश यांच्या गायनाला ठिकठिकाणी गर्दी व्हायची. माइकच्या आधीच्या जमान्यात कविता ऐकायला हॉल भरणं म्हणजे काय, ते इन्स्टावर दोनशे लाइक्ससाठी झुरणाऱ्यांनी समजून घ्यावं. माधव जूलियन तर फारसीचे प्राध्यापक. गझल आणि रुबाई मराठीत रुजवणारा माणूस. आधी कवितेत फारसी शब्दांची लयलूट केली, पुढे भाषाशुद्धीची चळवळ पटल्यावर स्वतःच्याच जुन्या कवितांमधून ते शब्द वेचून बाहेर काढले. असा कवी ज्या ग्रुपमध्ये आहे त्याची टर उडवायला फार शोधाशोध करावी लागत नाही.

आता अत्रे. जन्म १३ ऑगस्ट १८९८, सासवडजवळच्या कोडीत खुर्द गावी. कऱ्हा नदीच्या काठचा मुलगा. पुढे आत्मचरित्राला नावही त्याच नदीचं दिलं, ‘कऱ्हेचे पाणी’. फर्ग्युसनमध्ये शिकायला पुण्यात आले आणि राम गणेश गडकऱ्यांच्या प्रभावाखाली आले ते कायमचेच. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. अत्रे तेव्हा जेमतेम विशीतले. गुरू गेला, पण कोटी आणि अतिशयोक्तीचं व्यसन मागे ठेवून गेला.

कॉलेज संपल्यावर अत्रे पुण्याच्या कॅम्प भागातल्या शाळेत शिकवू लागले आणि तिथेच हेडमास्तर झाले. कविता करायचे ते ‘केशवकुमार’ नावानं. वडिलांचं नाव केशव, म्हणून केशवकुमार. पण मराठी वाचणाऱ्या कुणालाही ते नाव ऐकताच केशवसुत आठवणार. म्हणजे टोपणनावातच निम्मा विनोद उरकलेला.

आणि १९२५ मध्ये आलं ‘झेंडूची फुले’. नावापासूनच मजा सुरू होते. कवी लोक मोगरा, पारिजातक, बकुळ असली नाजूक फुलं वेचणार, यानं झेंडू उचलला. दसऱ्याला आपल्या रस्त्यावर ढिगानं विकला जाणारा, गाडीच्या बॉनेटपासून दुकानाच्या शटरपर्यंत कुठंही लटकणारा झेंडू. त्याला कुणी हळुवारपणे ओंजळीत घेत नाही. पुस्तकातल्या कविताही तशाच. वृत्त पक्कं, यमक पक्कं, हुरहुर आणि उसासे मूळ कवींच्या मापाचे. फक्त आतला माल बदललेला. ‘परिटास’ ही कविता घ्या. विरहानं व्याकूळ झालेला कवी कुणाच्या तरी परतण्याची वाट बघतोय. तो कुणीतरी म्हणजे प्रेयसी नाही, कपडे घेऊन गेलेला धोबी आहे! बाकी तळमळ अस्सल. ज्यानं हॉस्टेलवर राहून एकुलत्या एका चांगल्या शर्टाची वाट पाहिली आहे, त्याला ती तळमळ खोटी वाटणार नाही.

इथं एक गोष्ट नीट बघायला हवी, नाहीतर आपण अत्र्यांना नुसता ट्रोलर समजून बसू. विडंबन करायला मूळ कविता तोंडपाठ लागते. कवी कुठं श्वास घेतो, कुठला शब्द उगाच घालतो, ओळ कुठं मोडतो, हे त्या कवीपेक्षा जास्त ठाऊक असावं लागतं. नील इन्सनं रटल्सची गाणी इतकी बीटल्ससारखी केली की पुढे हक्कांवरून भांडण झालं आणि त्याला कमाईतला वाटा सोडावा लागला. विडंबनकाराला याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार? अत्र्यांचंही तेच. त्यांना साधी, गंभीर कविताही येत होती. ‘आजीचे घड्याळ’ याच केशवकुमारांचं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विचारा, ती कविता अजून पाठ असते.

पण मग त्या बॅंडचं काय झालं? ही बाजू आमच्या टेबलावर कुणी विचारत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारतो. ‘झेंडूची फुले’नंतर रविकिरण मंडळाची एक प्रतिमाच तयार झाली. चहा पिणारे, उसासे टाकणारे, गाऊन दाखवणारे कवी. ती इतकी चिकट होती की पुढच्या कित्येकांनी मूळ कविता न वाचताच त्यांना हसून घेतलं. मीही त्यातलाच. माधव जूलियन हा हसण्याचा विषय आहे हे मला आधी कळलं. त्यांनी ‘छंदोरचना’सारखा मराठी वृत्तांचा डोंगराएवढा अभ्यास करून ठेवलाय हे फार नंतर. १९३९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या आसपास होतं. हे आठवलं की विनोद थोडा घशात अडकतो. माझ्या मते अत्र्यांचा नेम बरोबर होता, पण जखम नेमापेक्षा मोठी झाली. चांगल्या विनोदाचं असं होतं कधीकधी.

अत्रे स्वतः मात्र तिथं थांबले नाहीत. मधे लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले. मग मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ केली, आणि सोबतीला कोण? रविकिरण मंडळातले वि. द. घाटे! ज्या बॅंडची टर उडवली त्यातल्याच एकाच्या जोडीनं महाराष्ट्रातल्या पोरांची क्रमिक पुस्तकं. जॉर्ज हॅरिसननं माइक धरला त्याच्या कितीतरी आधी.

पुढचं आयुष्य एका पानात मावणारं नाही, म्हणून पळत सांगतो. ‘साष्टांग नमस्कार’, ‘लग्नाची बेडी’, ‘मोरूची मावशी’, ‘तो मी नव्हेच’ ही नाटकं. १९३८ चा ‘ब्रह्मचारी’, ज्यात ब्रह्मचर्याच्या शपथा घेणाऱ्यांची अशी फिरकी घेतली की आजही थिएटरात हशा पिकेल. १९४० मध्ये ‘नवयुग’ साप्ताहिक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५६ मध्ये ‘मराठा’ दैनिक, आणि तिथं लेखणीचा अक्षरशः सोटा. त्या सोट्याखाली काही जण उगाचही झोडपले गेले, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. आणि हसवणाऱ्या याच माणसानं ‘श्यामची आई’ काढून अख्ख्या महाराष्ट्राला रडवलं. १९५३ चा तो सिनेमा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. मूळ पुस्तक साने गुरुजींनी लिहिलं ते आपल्या नाशिकच्या तुरुंगात.

नाशिकशी त्यांचं नातं तेवढंच नाही. १९४२ चं मराठी साहित्य संमेलन नाशिकला भरलं, त्याचे अध्यक्ष अत्रे होते. याच वर्षी कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ आला. सहा वर्षं आधी, १९३६ मध्ये, जळगावच्या संमेलनाची खुर्ची माधव जूलियन यांना मिळाली होती. म्हणजे टर उडवली गेलेला आधी अध्यक्ष, उडवणारा नंतर. १९५० मध्ये यशवंतही झाले. मराठी साहित्याचा हिशोब असा फिटतो.

अत्र्यांचा हिशोबही लोकांनी चुकता केला. प्रत्येक गोष्ट गेल्या हजारो वर्षांत झाली नव्हती आणि पुढे होणार नाही, असं ठोकून द्यायची त्यांना सवय होती. तिची इतकी नक्कल झाली की आजही कुणी जास्त फेकायला लागलं की अत्रे आठवतात. विडंबनकाराचं विडंबन. १३ जून १९६९ ला ते मुंबईत गेले, तोवर ही नक्कल करणारे गावोगावी तयार झालेले होते.

आणि तो बॅंड? त्यातल्या गिरीशांचं खरं नाव शंकर केशव कानेटकर. त्यांचा मुलगा प्राध्यापक होऊन नाशिकला आला, कॉलेज रोडवरच्या एचपीटीत कित्येक वर्षं शिकवत राहिला आणि इथूनच ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’, ‘अश्रूंची झाली फुले’ अशी नाटकं लिहीत गेला. वसंत कानेटकर. आमच्या कॅफेतून निघालं की ते कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परवा हे सांगितल्यावर तिसऱ्या टेबलावरचे चौघं पहिल्यांदा गप्प बसले. मग एकानं फोन काढून गिरीशांची ‘आंबराई’ कुठं मिळेल ते शोधायला घेतलं.