कुरणातली शाळा

मुंबईहून कर्जतकडे जाताना वांगणी मागे पडले, की शेलू हे लहानसे स्थानक लागते. या कर्जत तालुक्यात डोंगरांच्या पायथ्याशी ठाकर व कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. तेथील अंगणवाडीत गाणी म्हणणारी मुले तुम्ही पाहिली असतील. अंगणवाडी हा शब्द आज सर्वांच्या परिचयाचा आहे; परंतु त्यामागे एका थोर स्त्रीची तपश्चर्या उभी आहे. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शाळेत जाणे हीच नवलाई असलेल्या त्या काळात ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथे स्त्रीशिक्षकांच्या विद्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या. मानाची व सुखाची ती नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

त्या काळी शिक्षण म्हणजे पाठांतर आणि छडी, असाच समज रूढ होता. मारिया माँटेसरी या विदुषीने १९०७ साली रोम शहरात गरिबांच्या मुलांसाठी बालगृह काढून निराळी वाट दाखविली होती. मूल स्वतःच्या हातांनी काम करून आनंदाने शिकते, हे तिचे तत्त्व गिजुभाई व ताराबाई यांना पटले. त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला.

परंतु एक शल्य त्यांच्या मनाला टोचत होते. या शिक्षणाची साधने महाग होती. ती शहरातील सुखवस्तू घरांपुरतीच राहत होती. खेड्यातील मुलांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच सहकारी म्हणून लाभल्या. शिंपले, बिया, खडे, पाने व माती हीच तेथील मुलांची शिक्षणसाधने झाली. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ घालावे, त्यांची नखे कापावी, मग गाणी व गोष्टी सांगाव्या, असा क्रम सुरू झाला. हीच ती अंगणवाडी.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत व धाकट्या भावंडांना सांभाळीत. ती शाळेत आली, तर गुरे कोणी राखावी? घरची अडचण खरी होती. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच बदलली. गुरे चरत त्या कुरणात शिक्षक जाऊ लागले. झाडे, पक्षी व दगड हेच तेथील पाठ झाले. ही कुरणशाळा होय. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, त्यालगत बालवाडी आणि पुढे प्राथमिक शाळा, अशी विकासवाडीही त्यांनी उभारली. त्यामुळे कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या मुलीलाही शाळेचे दार उघडे झाले.

भारत सरकारने १९६२ साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने बालविकासाची मोठी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले, अंगणवाडी!

मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा धडा ताराबाईंनी आपल्या आचरणाने घालून दिला. आपल्या वर्गातील एखादा सोबती चार दिवस दिसला नाही, तर त्याला हसण्यापूर्वी त्याच्या घरची अडचण जाणून घ्या. ताराबाईंच्या कार्याची सुरुवात अशाच विचारपुशीतून झाली होती.