विश्लेषण : नगरच्या किल्ल्यातील मौलाना आझाद आणि अरबी विद्येची शिदोरी

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव होताच काँग्रेस अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांना पंडित नेहरू, सरदार पटेल आदी नेत्यांसह अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. तिथे पहाटे चहा घेत त्यांनी लिहिलेली पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली ही पत्रे तुरुंगातून कधी टपालात पडलीच नाहीत. त्यांत शेकडो अरबी, फारसी शेर येतात, तेही बहुतांशी आठवणीतून. ही विद्या आली कुठून?

जन्म मक्केत, शिक्षण घरात

आझादांचा जन्म १८८८ मध्ये मक्केत झाला. आई अरब, त्यामुळे अरबी ही घरचीच भाषा. कुटुंब कोलकात्यात आल्यावरही वडील मौलाना खैरुद्दीन यांनी मुलाला इंग्रजी शाळेत घातले नाही. इंग्रजी शिक्षणाने श्रद्धा डळमळते, असे त्यांचे मत. व्याकरण, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, अगदी बीजगणितही अरबीतूनच शिकवले गेले. इतरांना विशी-पंचविशीपर्यंत पुरणारा हा पारंपरिक अभ्यासक्रम आझादांनी सोळाव्या वर्षीच संपवला. मग प्रथेप्रमाणे विद्यार्थ्यांना शिकवून तो पक्का झाल्याचे दाखवावे लागले.

परंपरेशी भांडण कसे?

पुढे सर सय्यद अहमद खान यांचे लेखन वाचून त्यांचे मन ढवळून निघाले. ‘आझाद’ हे टोपणनाव त्याच बंडखोरीतले. पण वारशाने मिळालेल्या समजुती सोडताना त्यांनी अरबी सोडली नाही. कुराणाचा अर्थ नंतरच्या भाष्यकारांवर विसंबून न लावता मूळ शब्दांपर्यंत जायचे, तर ती भाषाच हवी. ‘तर्जुमान-उल-कुराण’ हे त्यांचे उर्दू भाषांतर आणि भाष्य यातूनच आले. त्याची हस्तलिखिते पोलिसांच्या जप्तीत खराब झाली, पुन्हा लिहावी लागली. दोन खंड निघाले, काम मात्र अपूर्णच राहिले.

किल्ल्यातला एप्रिल

९ एप्रिल १९४३ रोजी कोलकात्यात पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन झाले. आजारपण कळूनही आझादांनी सरकारकडे सुटकेची विनंती केली नव्हती. दोन दिवसांनी त्यांनी याच विषयावर पत्र लिहिले. एरवी इतिहास, संगीत आणि चिमण्यांवरही लिहिणाऱ्या या पुस्तकातले हे सर्वांत जड पान म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर ते शिक्षणमंत्री झाले. १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन करून तिच्यातर्फे ‘सकाफत-उल-हिंद’ हे अरबी नियतकालिक त्यांनी सुरू केले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.