न दुखणाऱ्या चट्ट्याचा माग

डॉ. वसंत रामजी खानोलकर म्हटले की परळचे टाटा रुग्णालय आणि कर्करोग आठवतो. कुष्ठरोग अजून पुरता न हटलेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते.

खानोलकरांचा जन्म १८९५ चा, घराणे मूळचे गोमंतकातले. लंडनला विकृतिशास्त्र शिकून ते मुंबईत परतले, वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले आणि १९४१ पासून टाटा रुग्णालयाची प्रयोगशाळा त्यांनी सांभाळली. तिथे कर्करोगाच्या जोडीने त्यांनी कुष्ठरोगही अभ्यासाला घेतला. लोकांच्या लेखी तो कातडीचा रोग. खानोलकरांनी अगदी नव्या चट्ट्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि जंतूंचा माग त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंपर्यंत काढला. हा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला.

चट्टा बधिर का होतो, बोटे का वाकतात, याचे मूळ तिथेच आहे. मज्जातंतूवर विजेच्या तारेसारखे वेष्टन असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू व मज्जारज्जूतले वेष्टन झडते. कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या मज्जातंतूंवर वेष्टन घालणाऱ्या पेशींतच घर करतात.

खानोलकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ साली ते गेले. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग हमखास बरा होऊ लागला. पण जंतू मेले तरी गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. म्हणून अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर आरोग्यसेविका आली, की चट्टा लपवू नये. तो दुखत नाही, म्हणूनच आधी दाखवावा.