थिओडोर लायमन: हवेत हरवणारा प्रकाश पकडणारा माणूस

मंगळयानावर पाच उपकरणं होती. त्यातल्या एकाचं नाव लायमन अल्फा फोटोमीटर, वजन दोन किलोपेक्षाही कमी. मंगळाच्या वरच्या वातावरणात साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन किती आहे, हे शोधायचं त्याचं काम. पण नावातला हा 'लायमन' कोण?

थिओडोर लायमन यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८७४ चा, अमेरिकेतल्या बॉस्टनचा. घर श्रीमंत. हार्वर्डमध्ये शिकले, १९०० मध्ये तिथेच डॉक्टरेट मिळवली आणि पुढचं आयुष्यही तिथेच काढलं. त्यांनी निवडलेला विषय मात्र अवघड होता: अतिनील प्रकाशाचं अगदी टोक.

अडचण कुठे होती?

सुमारे २०० नॅनोमीटरच्या खाली गेलं की हवेतला ऑक्सिजनच प्रकाश गिळायला लागतो. काचेतून तर तो आधीच जात नाही. जर्मनीच्या व्हिक्टर शूमान यांनी उपकरणातली हवा काढून आणि फ्लोराइट खनिजाची भिंगं वापरून बरीच मजल मारली होती. पण आणखी खाली फ्लोराइटही अपारदर्शक होतं. शिवाय शूमान यांच्याकडे तरंगलांबी नेमकी मोजायची सोय नव्हती.

लायमन यांनी भिंगच काढून टाकलं. त्याजागी बारीक समांतर रेघा कोरलेला अंतर्वक्र आरसा, म्हणजे ग्रेटिंग, निर्वात पेटीत बसवलं. प्रकाश वेगळा करणं आणि फोकस करणं ही दोन्ही कामं तेच करतं, आणि तरंगलांबीही मोजता येते.

पण ग्रेटिंगही फसवतं. रेघा कोरताना ठरावीक अंतराने चूक झाली, तर फोटोत खोट्या रेषा उमटतात. लायमन यांना सुरुवातीलाच अशा रेषा दिसल्या. त्यांनी त्यांचा शोध म्हणून गाजावाजा केला नाही. त्या खोट्या का आहेत, हे शोधून काढलं आणि १९०१ मध्ये छापलं. आजही त्यांना 'लायमन घोस्ट्स' म्हणतात.

म्हणूनच १९०६ मध्ये त्यांनी हायड्रोजनच्या नव्या रेषा जाहीर केल्या, तेव्हा त्या आकड्यांना वजन होतं. त्यातली सगळ्यात ठळक रेषा १२१.६ नॅनोमीटरची, म्हणजे लायमन अल्फा. १९१३ मध्ये नील्स बोर यांच्या मॉडेलने कारण सांगितलं: इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवरून सगळ्यात खालच्या पातळीवर उतरला की हाच प्रकाश निघतो.

याचा उपयोग काय?

उलटंही खरं आहे. एकटा हायड्रोजन अणू हाच प्रकाश शोषून घेतो. जोडीतला हायड्रोजन, म्हणजे H₂ रेणू, ही नेमकी रेषा तशी शोषत नाही. त्यामुळे वायूत सुटे अणू किती, हे मोजता येतं.

ज्वाला समजून घ्यायला हे फार महत्त्वाचं आहे. सुटा हायड्रोजन अणू ऑक्सिजनच्या रेणूला धडकला की OH आणि O असे दोन चपळ तुकडे तयार होतात. एकाचे दोन, म्हणून आग भडकते. या क्रियेचा वेग असा मोजतात: नळीत वायू तापवायचा, अतिनील प्रकाशाचा झटका देऊन थोडे हायड्रोजन अणू सुटे करायचे. एका बाजूला लायमन अल्फाचा दिवा, समोर सेन्सर. सुरुवातीला अणू प्रकाश अडवतात, म्हणून सिग्नल कमी. ऑक्सिजन अणूंना संपवत जातो तसा सिग्नल वाढत जातो. ऑक्सिजन दुप्पट केला की अणू निम्मे व्हायला लागणारा वेळ अर्धा होतो. या आकड्यांवरून वेगाचा स्थिरांक मिळतो. सगळा खेळ मायक्रोसेकंदांचा!

गंमत म्हणजे ऑक्सिजन १२१.६ च्या आसपास बराच पारदर्शक असतो. ही फट नसती, तर हा प्रयोग फारच अवघड झाला असता.

प्रयोगशाळेबाहेर

लायमन नुसते प्रयोगशाळेत बसणारे नव्हते. १९१२ मध्ये ते मध्य आशियातल्या अल्ताई पर्वतात मोहिमेवर गेले आणि प्राण्यांचे नमुने संग्रहालयांना दिले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्यात होते. १९१० ते १९४७ हार्वर्डच्या जेफरसन प्रयोगशाळेचे संचालक राहिले. ११ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांचं निधन झालं.

तुमच्या हातातल्या नव्या फोनची चिपही कदाचित १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने छापलेली असेल. ते यंत्रही निर्वातच ठेवावं लागतं, कारण हवा तो प्रकाश गिळते. लायमन यांना अडवणारी हवा आजही तशीच आडवी येते.